मोडक्या दातांचा हिशेब

मांजरीला बांगड्याचं डोकं टाका आणि समोर बसून बघा. आधी ती ते पुढच्या दातांत धरते. मग मान तिरकी करून तोंडाच्या एका कडेला सरकवते, आणि गालाच्या आतून कट्‌कट् आवाज यायला लागतो. गाय जबडा आडवा फिरवून दळते, आपणही थोडंफार तेच करतो. मांजरीला ते जमत नाही, तिचा जबडा जवळजवळ फक्त वर-खालीच हलतो. त्या कडेला वरची एक उपदाढ आणि खालची एक दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना चाटून जातात. मान तिरकी करायची ती घास या कात्रीत नेमका बसावा म्हणून.

ही दोन दातांची जोडी म्हणजे एका अख्ख्या गणाची खूण आहे. मांजर, वाघ, कुत्रा, लांडगा, तरस, मुंगूस, अस्वल, पाणमांजर, अगदी सीलसुद्धा या एकाच गणातले. शास्त्रात त्याला मांसाहारी गण म्हणतात, पण ते नुसतं कुळाचं नाव समजा. आडनाव पाटील असलेल्या प्रत्येकाकडे गावची पाटीलकी नसते. बांबू खाणारा पांडाही याच गणात आहे. अस्वलाची कात्री बोथट होऊन तिची दळायची दाढ झालीय, आणि मांजराच्या घराण्यात तिला इतकी धार आली की मागच्या दळणाऱ्या दाढा जवळपास गायबच झाल्या. सापडलेल्या एका दातावरून प्राणी कोणत्या घराण्यातला आणि काय खाणारा, हे बरंचसं सांगता येतं ते यामुळे.

हे सगळं मी माझ्या भाचीला सांगत होतो. ती दहावीला आहे, आणि तिला लाखो वर्षांपूर्वीच्या वाघ-लांडग्यांचा अभ्यास करायचाय. तिने माझ्या व्याख्यानाच्या मध्येच विचारलं, "मामा, पण मेलेल्या वाघांवर पोट भरतं का?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

पहिली अडचण अशी की शिकारी प्राणी मुळातच कमी असतात. एक वाघ वर्षाला साधारण ५० जनावरं मारतो, आणि तेवढी मारूनही कळप टिकायचा तर त्याच्या आसपास पाचेकशे जनावरं लागतात. म्हणजे जंगलात पाचशे हरणांमागे एक वाघ. जीवाश्मांतही हेच प्रमाण उतरतं. आपल्याकडे गोदावरी आणि मांजरा नद्यांच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडे यांची हाडं मिळतात (हो, महाराष्ट्रात पाणघोडे होते), पण शिकाऱ्यांचं फारसं काही हाती लागत नाही. त्यात आपली बहुतेक जमीन लाव्हाच्या काळ्या दगडाची. त्या दगडात कोण सापडणार?

याला एक झकास अपवाद लॉस एंजेलिसच्या ऐन शहरात आहे. ला ब्रेआ नावाची जागा. स्पॅनिशमध्ये ब्रेआ म्हणजे डांबर. जमिनीतून डांबर झिरपतं, त्यावर पाचोळा आणि धूळ बसते, आणि एखादा बैल त्यात पाय रुतून अडकतो. खोल खड्डा लागत नाही, चार बोटं डांबर पुरतं. अडकलेला बैल हंबरतो, ते ऐकून लांडगे येतात, मोठी मांजरं येतात, गिधाडं येतात, आणि तीही अडकतात. एका गिऱ्हाइकासाठी दहा दुकानदार धावून यावेत तसा प्रकार. त्यामुळे इथे प्रमाण उलटं झालं, सापडलेल्या सस्तन प्राण्यांत शिकारीच जास्त. डायर वुल्फ हा लांडग्यासारखा धिप्पाड प्राणी इथे ४००० हून अधिक संख्येने मिळालाय, आणि कट्यारीसारख्या सुळ्यांचा स्मायलोडॉन २००० हून अधिक. तिथल्या संग्रहालयात एका भिंतीवर डायर वुल्फच्या ४०४ कवट्या ओळीने लावल्यात. डांबरात मुरून सगळ्या तपकिरी झालेल्या.

एक कवटी मिळाली तर तिचं वर्णन लिहिता येतं. चार हजार मिळाल्या तर मोजणी करता येते. या धंद्यातलं खरं काम इथून सुरू होतं, आणि ते कॅमेऱ्यासमोर दाखवण्यासारखं मुळीच नाही. खणायला जाणं वर्षातून काही आठवडे. बाकी वेळ संग्रहालयाच्या तळघरात, खण ओढायचा, कवटी काढायची, व्हर्नियरने दात मोजायचा, आकडा टिपायचा, कवटी परत ठेवायची आणि पुढचा खण.

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी आयुष्याचा मोठा भाग मोजण्यात घालवला तो मोडक्या दातांच्या. १९८८ साली त्यांनी आजच्या शिकारी प्राण्यांच्या संग्रहालयांतल्या कवट्या तपासल्या. चारांतल्या एकाच्या तोंडात निदान एक तरी दात मोडका निघाला, आणि त्यात सगळ्यात जास्त सुळे. सुळा लांब आणि पुढे, धडपडणाऱ्या भक्ष्याच्या अंगात रुतलेला, तो पिळवटला की मोडतो.

इथे कोणीही शंका काढेल की दात मेल्यानंतरही मोडू शकतो. कवटी हातातून पडली, हाडावरून गाडी गेली, काहीही. मग जिवंतपणी मोडलेला दात ओळखायचा कसा? मोडलेल्या जागेची कड बघायची. ताज्या फुटलेल्या कपासारखी धारदार असेल तर त्या पुराव्याचा उपयोग नाही. कड झिजून गोल, गुळगुळीत झाली असेल तर तो प्राणी दात मोडल्यावरही कित्येक महिने त्याच दाताने खात होता. नदीतला गोटा गोल होतो, तसंच. जिवंतपणीचा मोडका दात कोणता, हे या कडेवरून ठरतं. मला या शास्त्रातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते, कारण तिला महागडं यंत्र लागत नाही, फक्त नीट बघायची सवय लागते.

१९९३ मध्ये फ्रिट्झ हर्टेल यांच्याबरोबर व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी हीच मोजणी ला ब्रेआच्या कवट्यांवर केली. तिथल्या शिकाऱ्यांमध्ये मोडके दात आजच्या प्राण्यांच्या सुमारे तिप्पट. त्यांचा अर्थ असा, की तेव्हा स्पर्धा भयंकर होती. मारलेलं जनावर दुसऱ्याने पळवायच्या आत घाईघाईने, हाडांसकट संपवावं लागे.

पटण्यासारखं आहे, पण पटतं म्हणून खरं मानायचं नसतं. हजारो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांवर प्रयोग करता येत नाही, तर आजच्या लांडग्यांवर करून बघू, असं म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोन आणि आईल रॉयल, तसंच स्कँडिनेव्हिया इथल्या लांडग्यांच्या कवट्या तपासल्या. या लांडग्यांच्या आणि त्यांच्या भक्ष्याच्या संख्येची अनेक दशकांची नोंद आहे. २०१९ साली निकाल प्रसिद्ध झाला. लांडग्यांच्या मानाने भक्ष्य कमी झालं, की शिकार चाटूनपुसून खाल्ली जाते आणि मोडक्या दातांचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. थोडक्यात, मोडका दात हा भुकेचा मापक म्हणून वापरता येतो.

तरी वाद मिटलेला नाही. लॅरिसा डिसँटिस यांनी ला ब्रेआच्याच मोठ्या मांजरांच्या दातांवरचे सूक्ष्म ओरखडे तपासले, आणि २०१२ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला की नामशेष होण्याच्या सुमाराला ही मांजरं जास्त हाडं चावत होती असं काही दिसत नाही. दोन्ही बाजू त्याच प्राण्यांचे दात बघतायत. ओरखडे शेवटच्या काही जेवणांचे असतात, मोड आयुष्यभरातली कधीचीही असू शकते. म्हणजे एकीकडे कालच्या बाजाराची पावती आणि दुसरीकडे बँकेचं पासबुक. दोन्ही खरी असूनही कहाणी वेगळी असू शकते. बातमीत मात्र यातली एकच येते, जी त्या आठवड्यात छापून आली असेल ती.

आणि इथून या कारकिर्दीची दुसरी बाजू सुरू होते, लोकांना सांगण्याची. हाडाचं शास्त्र सांगायला सोपं वाटतं, कारण वाघ म्हटलं की सगळे कान टवकारतात. धोकाही तोच. ऐकणाऱ्याला गर्जना हवी असते आणि आपल्या हातात एक झिजलेली कड असते.

हे ज्याला उत्तम जमलं तो माणूस फिनलंडचा. ब्यॉर्न कुर्तेन, जन्म १९२४, वासा गावचा, घरची भाषा स्वीडिश. पुढे हेलसिंकी विद्यापीठात जीवाश्मशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचं गाजलेलं काम गुहेतल्या अस्वलांवर आहे. हिमयुगात युरोपात राहणारं हे अवाढव्य अस्वल, गण मांसाहारी पण जेवण बहुतेक पाल्याचं. युक्रेनमधल्या ओडेसाजवळ एका गुहेत त्यांची ढीगभर हाडं सापडली होती. अलेक्झांडर फॉन नोर्डमान नावाच्या प्राध्यापकाने ती एकोणिसाव्या शतकात गोळा केली आणि हेलसिंकीला आणली. शंभरेक वर्षं ती खणांत पडून होती. कुर्तेनने ते खण उघडले, आणि त्याने नवीन अस्वल शोधलं नाही, जुन्यांची जनगणना केली.

कशी, ते बघण्यासारखं आहे. दात झिजण्यावरून मरतानाचं वय काढता येतं. त्याने दात झिजेच्या क्रमाने लावले, तर ते सलग न येता गटागटाने आले. एक गट अगदी पिल्लांचा, मग जागा मोकळी, मग साधारण वर्षभराचे, पुन्हा जागा मोकळी, मग दोन वर्षांचे. दरवर्षी गणपतीत घरातल्या सगळ्यांचा फोटो काढतात ना, त्यात मुलं एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची दिसतात, दीड वर्षाचं कुणी दिसत नाही, तसंच हे. म्हणजे ही अस्वलं वर्षाच्या एकाच ऋतूत मरत होती. कोणत्या? गुहेत अस्वल असतं ते हिवाळ्यात, लांब झोपेसाठी. उन्हाळ्यात पुरेशी चरबी अंगावर चढली नाही, तर त्या झोपेतून जाग येत नाही. सुळ्यांचे आकार मोजल्यावर त्यांचेही दोन ढीग पडले, मोठे नरांचे आणि लहान माद्यांचे. १९५८ साली त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं. विमा कंपनी माणसांच्या आयुर्मानाचा तक्ता करते, तसा तक्ता नामशेष झालेल्या अस्वलांचा. पहिल्या काही हिवाळ्यांत किती गेली, किती म्हातारी होऊन गेली. हाडांच्या ढिगातून एक वस्ती उभी राहिली.

तोच माणूस कादंबरीही लिहायचा. १९७८ साली त्याची हिमयुगातल्या माणसांवरची कादंबरी स्वीडिशमध्ये आली. तिच्यात निअँडरथल, म्हणजे आता नामशेष झालेली माणसाची दुसरी जात, गोरे आहेत आणि नव्याने आलेली आपल्या जातीची माणसं काळी. युरोपातल्या वाचकाला हे उलटं वाटलं असेल, पण तर्क सरळ आहे. निअँडरथल थंड, कमी उन्हाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, आणि आपण दक्षिणेकडून आलेले. त्यांच्या संकरातून होणारी मुलं देखणी, हुशार, पण त्यांना पुढे मुलं होत नाहीत, आणि म्हणून निअँडरथल हळूहळू संपले, अशी त्याची कल्पना. शोधनिबंधात हे लिहिता आलं नसतं, हातात पुरावा नव्हता. कादंबरीत लिहिता आलं, कारण मुखपृष्ठावरच कादंबरी म्हटलेलं असतं. २०१० मध्ये निअँडरथलचा डीएनए वाचला गेला आणि कळलं की संकर झाला हे बरोबर, मुलं होत नव्हती हे चूक. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्याही डीएनएत त्यांचा एक-दोन टक्के वाटा आहे. चुकीची ठरू शकेल इतकी नेमकी कल्पना कादंबरीत मांडणं, हे मला कुर्तेनचं मोठेपण वाटतं. गुळमुळीत कल्पना कधी चुकत नाहीत.

१९८८ साली त्याला युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो गेला. विज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांसाठीचा हा पुरस्कार ओडिशाच्या बिजू पटनाईकांच्या देणगीतून सुरू झालेला. १९९६ मध्ये तो जयंत नारळीकरांना मिळाला. त्यांनीही पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, आणि अक्षर ओळखू नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन. हाडांचा माणूस असो की ताऱ्यांचा, दोघांनाही गोष्ट सांगायची होती, आणि आपण आत्ता शास्त्र सांगतोय की गोष्ट, याबद्दल वाचकाला फसवायचं नव्हतं.

ही सीमारेषा पुसली की काय होतं ते एप्रिल २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. "डायर वुल्फ परत आला!" आमच्या फॅमिली ग्रुपवर ती पांढरीशुभ्र पिल्लं सकाळच्या सुविचाराच्याही आधी आली. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या एका कंपनीने साध्या करड्या लांडग्याच्या १४ जनुकांमध्ये मिळून २० बदल केले होते. त्यातून मोठी, पांढरी पिल्लं झाली. आणि २०२१ मध्येच डीएनएवरून दिसलं होतं की डायर वुल्फ हा करड्या लांडग्याचा जवळचा नातेवाईकच नाही, दोघांच्या शाखा सुमारे ५७ लाख वर्षांपूर्वी फुटल्या. काम तांत्रिकदृष्ट्या कमाल आहे, नाव मात्र चुकीचं आहे. अनेक जीवाश्मशास्त्रज्ञांनी त्या आठवड्यात हेच पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं.

उलट उदाहरण त्याच्या काही महिने आधीचं. सायबेरियातल्या याकुतियात, गोठलेल्या जमिनीत २०२० साली होमोथेरियमचं एक पिल्लू सापडलं. होमोथेरियम म्हणजे स्मायलोडॉनचा लांबचा भाऊ, सुळे थोडे आखूड. पिल्लू तीनेक आठवड्यांचं, सुमारे ३५ हजार वर्षांपूर्वीचं, आणि कातडी, मिशा, पंज्यांच्या गाद्यांसकट. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचा निबंध आला. केस गडद तपकिरी. वरचा ओठ सिंहाच्या छाव्यापेक्षा बराच उंच. हा ओठ महत्त्वाचा, कारण या मांजराचे सुळे तोंड मिटल्यावर बाहेर दिसायचे की ओठाआड झाकलेले असायचे, यावर आधीपासून वाद होता. स्पेनचा चित्रकार मौरिसिओ अँतोन, जो आधी सांगाडा, मग स्नायू, मग कातडी अशा क्रमाने प्राणी कागदावर उभा करतो, त्याने आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हाडांवरून सुळे झाकलेले असणार असं मांडलं होतं. पूर्वी तो स्वतःच ते बाहेर काढायचा, मग मत बदललं. ओठ तर पिल्लाचा आहे, मोठ्या मांजराचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो निबंधातही उरू दिलेला आहे.

भारतात या शास्त्राचा आरंभ चांगलाच जुना आहे. १८३० च्या दशकात सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक ह्यू फाल्कनर आणि कालव्यांवरचा इंजिनिअर प्रोबी कॉटली यांनी शिवालिकच्या टेकड्यांतून हत्ती, पाणघोडे, अस्वलं, तरस, मोठी मांजरं यांचे ढिगाने जीवाश्म काढले. ताडून बघायला जवळ ना संग्रहालय, ना ग्रंथालय. मग फाल्कनरने आसपासच्या जंगलातली जनावरं मारून त्यांचे सांगाडे केले आणि जीवाश्म त्यांच्याशी ताडले. आज असं कोणी करू नये, पण पद्धत तीच आहे, जिवंत प्राणी नीट माहीत असल्याशिवाय मेलेला कळत नाही. १८३७ साली दोघांना लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचं वोलॅस्टन पदक मिळालं. आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये जी. एल. बदाम यांनी नद्यांच्या गाळातल्या प्राण्यांवर अनेक वर्षं काम केलं.

तर पोट भरतं का? भाचीला मी खरं तेच सांगितलं. बी.एस्सी. भूशास्त्रात कर किंवा प्राणिशास्त्रात, दुसरा विषय स्वतःहून शिकावाच लागेल, कारण दगड कळला नाही तर वय कळत नाही आणि शरीर कळलं नाही तर दात कळत नाही. संख्याशास्त्राला कंटाळून चालणार नाही. पुढे एम.एस्सी., पीएच.डी., म्हणजे तिशी उजाडते. जागा मोजक्या, लखनौची बिरबल साहनी संस्था, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, काही विद्यापीठं, आणि तिथेही शिकारी सस्तन प्राण्यांवरच काम मिळेल याची खात्री नाही. पगार मिळेल तो बहुधा शिकवण्याचा किंवा सर्वेक्षणाचा, आणि त्यातून वेळ काढून वाघ. आईला हे ऐकवू नकोस, असंही सांगितलं. तिने अर्थातच ऐकवलं.

गेल्या रविवारी तिचा फोटो आला. टेकडीवर फिरताना तिला कुत्र्याचा खालचा जबडा सापडला होता, उन्हापावसाने पांढरा झालेला, एका बाजूचा सुळा अर्ध्यात मोडलेला. खाली लिहिलं होतं, "मामा, हा आधी मोडला की नंतर?"

मी लिहिलं, "कडेवरून बोट फिरव."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "गोल आहे. गुळगुळीत. म्हणजे मोडल्यावरही जेवत होता." आणि लगेच दुसरा मेसेज, "आई म्हणतेय हाड घरात आणलंस तर तूही बाहेरच जेव."